भाषेच्या गावी एक वर्ष

तुळजापूरच्या भवानीवर जर्मन भाषेत एक संशोधनग्रंथ आहे. रोलँड यान्सेन यांचा ‘डी भवानी फॉन तुळजापूर’ १९९५ मध्ये श्टुटगार्टहून प्रसिद्ध झाला. हायडेलबर्ग विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था १९६२ पासून आहे, तिच्या ग्रंथमालेतलं हे पुस्तक. ज्या देवीच्या नावानं धाराशिव जिल्ह्याची ओळख सांगितली जाते, तिच्याबद्दल एका परक्या भाषेत, परक्या माणसानं सविस्तर लिहावं याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि त्याहून जास्त कुतूहल वाटतं ते हे, की असं लिहिण्याइतकी भाषा माणसाला येते कशी?

पोथी वाचायची तर टेबलाशी बसून वाचता येते. पण तुळजाभवानी पोथीत मावत नाही. तिची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. भाद्रपदात नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी येते ती अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळापर्यंत कोणाचा कोणता मान, कोणाची कधी पाळी, भोपे कोण, आराधी कोण, गोंधळ्यानं संबळ कुठं वाजवायचा, परडी कोणी भरायची, हे सगळं माणसांच्या तोंडी असतं. ते विचारायचं तर मराठी यायला हवी. तीही ओसरीवर बसून बोलणाऱ्या म्हातारीची मराठी. व्याकरणाच्या पुस्तकात ती मिळत नाही.

परदेशी भाषेची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक वर्ष त्या भाषेच्या मुलखात पाठवायची जी पद्धत आहे, ती याच गरजेतून आली. ब्रिटनमध्ये फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिशची पदवी बहुधा चार वर्षांची असते. त्यातलं तिसरं वर्ष विद्यार्थी परदेशात काढतो आणि चौथ्या वर्षी परत येऊन पदवी पूर्ण करतो. ते वर्ष कोणी तिथल्या विद्यापीठात शिकून काढतं, कोणी एखाद्या कंपनीत काम करून, तर कोणी शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक होऊन. ही सुट्टी नसते. ते वर्ष पदवीचा भाग असतं आणि पदवीच्या हिशोबात धरलं जातं. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात असे साहाय्यक शिक्षक पाठवायची देवाणघेवाण १९०५ च्या सुमारासच सुरू झाली होती. अमेरिकेत याची सुरुवात १९२३ ची. पहिल्या महायुद्धात लढून आलेले रेमंड कर्कब्राइड डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते. ते आठ विद्यार्थ्यांना घेऊन जहाजानं फ्रान्सला गेले. युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस योजना आली. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून एकमेकांच्या देशात गेले. आज तिथल्या भाषेच्या विद्यार्थ्याला परदेशातलं वर्ष नवलाचं वाटत नाही.

मराठी माणसाला भाषेसाठी समुद्र ओलांडण्याची सवय अगदीच नव्हती असंही नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ च्या शेवटी घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत १९०२ मध्ये ते सिलोनला पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विहारात भिक्षूंच्या संगतीत राहून पाली शिकले. त्यांच्याकडे ना पदवी होती ना शिष्यवृत्ती. पण जिथं ती भाषा रोजच्या पठणात आणि चर्चेत होती, तिथं राहूनच त्यांनी ती मिळवली. पुढं १९१२ पासून सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासकांची जी पहिली पिढी घडली, ती त्यांच्या हाताखाली.

उलट दिशेनं, म्हणजे मराठी शिकायला लोक इकडं येऊ लागले, त्याची कथा मात्र वेगळीच आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघानं स्पुटनिक अवकाशात सोडला. अमेरिकेनं त्याचा धसका घेतला आणि १९५८ मध्ये शिक्षणाचा एक मोठा कायदा केला. त्यात गणित-विज्ञानाबरोबर जगातल्या आजवर दुर्लक्षित राहिलेल्या भाषांसाठीही पैसा ठेवला. मराठीला त्याचा फायदा झाला आणि पेनसिल्व्हेनिया, शिकागो अशा विद्यापीठांत तिचे वर्ग चालू लागले. दुसरा पैसा आला गव्हातून. पीएल-४८० कराराखाली अमेरिकेनं भारताला जे धान्य दिलं त्याची किंमत रुपयांत चुकती होत होती आणि ते रुपये इथंच साठत होते. त्यातला काही वाटा अभ्यासवृत्त्यांना मिळाला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेनं आपलं भारतातलं पहिलं ठाणं पुण्यात डेक्कन कॉलेजात मांडलं. तिचा मराठीचा वर्ग पुण्यात चालत आला आहे. उन्हाळ्यापुरते येणारेही त्यात असतात आणि पूर्ण शैक्षणिक वर्ष काढणारेही.

१९६९ पासून अमेरिकेतल्या मिडवेस्टमधली काही महाविद्यालयं एकत्र येऊन आपले पदवीचे विद्यार्थी पुण्याला पाठवू लागली. ही विशी-एकविशीची मुलं पुण्यातल्या घरांत पाहुणी म्हणून राहायची, मराठी शिकायची आणि एखादा छोटा विषय घेऊन त्यावर स्वतः हिंडून लिहायची. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, ते याच गटातलं. एका पिढीच्या पुणेकर आयांनी या मुलांना ‘अजून एक पोळी घे’ इथपासून मराठी शिकवली आहे, आणि मला ते काम वर्गातल्या शिक्षकाच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं.

मॅक्सीन बर्नसन यांचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. त्या १९६१ मध्ये हैदराबादला इंग्रजी शिकवायला आल्या. पुढं भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी फलटणला राहिल्या आणि तिथल्या वेगवेगळ्या समाजांच्या बोलण्यात काय फरक आहेत यावर त्यांनी प्रबंध लिहिला. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं, ते १९७५ मध्ये आलं. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या, आणि फलटणमध्ये त्यांनी मुलांसाठी शाळा उभी केली. ज्यांची घरातली भाषा पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी, त्या मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवावं, हा त्यांचा पुढचा आयुष्यभराचा विषय. भाषेसाठी एका गावात राहायला आलेलं माणूस त्या गावच्या मुलांची अडचण ओळखू शकलं, कारण शिकणाऱ्याच्या जागी ते स्वतः बसलं होतं.

आता मूळ प्रश्न. त्या एका वर्षात नेमकं होतं काय?

१९६७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतली जी मुलं भाषेची पदवी संपवत आली होती त्यांना किती भाषा येते, हे त्यांनी तपासलं. जे त्या भाषेच्या देशात राहून आले होते ते इतरांच्या स्पष्ट पुढं होते. नुसती उन्हाळ्याची सुट्टी तिथं काढलेल्यांनाही फरक पडलेला दिसला. त्यानंतर या विषयावर बरंच संशोधन झालं. त्यातून दिसतं ते असं की परदेशातल्या वास्तव्यात सगळ्यात जास्त वाढतो तो बोलण्याचा ओघ. माणूस कमी अडखळतो, लांब वाक्यं बोलतो, समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पुढचं ताडतो. व्याकरणाची शुद्धता मात्र तितक्या वेगानं वाढत नाही, तिला वर्गातली मेहनतच लागते. म्हणून आधी दोन वर्षं वर्ग, मग परदेश आणि परत येऊन पुन्हा वर्ग, हा क्रम विचारपूर्वक ठरलेला आहे. पायाच नसताना गेलेला विद्यार्थी खुणांवर आणि इंग्रजीवर वर्ष काढून परत येतो.

पण ओघ तरी का वाढतो? माझं उत्तर असं आहे : तिथं त्या भाषेत आपलं काहीतरी अडलेलं असतं. जपानमध्ये राहायला गेलेल्या विद्यार्थ्याला घर घेतल्यापासून चौदा दिवसांत स्थानिक नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. खिडकीपलीकडचा कारकून अतिशय अदबीनं बोलतो, आणि ती अदबीची जपानी वर्गातल्या जपानीपेक्षा इतकी वेगळी असते की पहिल्यांदा ऐकताना भाषाच बदलल्यासारखी वाटते. मग राष्ट्रीय आरोग्य विम्याचा अर्ज. मग बँक. मग घरासमोरचा कचरा. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या, बाटल्या कधी, जुने कागद कसे बांधून ठेवायचे, याचं वेळापत्रक प्रत्येक नगरपालिकेचं वेगळं असतं आणि ते बहुधा जपानी लिपीत छापलेलं असतं. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी तिथंच राहते, वर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी वाचता आली नाही तर पिशवी परत घरात. वर्गातल्या चाचणीत एखादं चिन्ह चुकलं तर एक गुण जातो. इथं चुकलं तर शेजारच्या आजीबाई दार वाजवतात, आणि त्यांच्याशी बोलावं लागतं.

जर्मनीतही पत्ता नोंदवायला दोन आठवड्यांचीच मुदत असते. फ्रान्समध्ये घरभाड्याचा करार असतो. देश कोणताही असो, शिकवण्याचं काम ही कामंच करतात, कारण ती टाळता येत नाहीत.

मराठीच्या विद्यार्थ्याचंही तसंच. पुण्यात वर्षभर प्रमाण मराठी शिकलेली मुलगी तुळजापूरला आली की तिला ‘काय करायलास?’ ऐकू येतं. तिच्या वहीत ‘करायला’ हे रूप ‘काहीतरी करण्यासाठी’ या अर्थानं लिहिलेलं असतं, आणि इथं तर ते सरळ ‘काय करतोयस’ म्हणून येतं. चहाच्या टपरीवर, एसटीत, भक्तनिवासाच्या खिडकीशी तिला हे रूप इतक्यांदा भेटतं की संध्याकाळपर्यंत ती स्वतःच ‘मी जायलेय’ म्हणू लागते. लोकांत फिरून शिकण्याचं आणखी एक उदाहरण म्हणजे हायडेलबर्गचे ग्युन्थर सोन्थायमर. ते मुळात कायद्याचे अभ्यासक. पण महाराष्ट्रात आल्यावर ते धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर फिरले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. खंडोबाच्या ठाण्यांत आपलं अणदूर-नळदुर्ग न्यारंच आहे. एकच मूर्ती सुमारे सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला असते, आणि दोन्ही गावचे मानकरी करार करून देवाची ने-आण करतात. हा करार, त्यातले हक्क, पौष पौर्णिमेची जत्रा समजून घ्यायची तर तिथल्या माणसांत बसण्याला पर्याय नाही.

मग मला वाटतं, मराठीचे विद्यार्थी पुण्यापर्यंतच का यावेत? तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८० च्या दशकापासून आहे, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परदेशी विद्यार्थ्यासाठी इथं एक सत्र ठेवायचं तर लागतं ते थोडकं : मराठी ही परकी भाषा म्हणून शिकवू शकणारे एक-दोन शिक्षक, पाहुणा ठेवून घेणारी दहा घरं, आणि त्या सत्राचे श्रेयांक देणारा विद्यापीठाचा ठराव. घरं मिळतील याची मला खात्री आहे, कारण इथं पाहुण्याला जेवू घालण्यात कोणी हात आखडत नाही. शिक्षक घडवावे लागतील, कारण मातृभाषा येणं वेगळं आणि ती परक्याला शिकवता येणं वेगळं.

परदेशातलं वर्ष वायाही जाऊ शकतं, हे इथंच सांगायला हवं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात फ्रान्स, स्पेन आणि मेक्सिकोत वर्ष काढणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. इंग्रजीनं त्यांचा पिच्छा तिथंही सोडला नव्हता. खोलीतला सोबती इंग्रजी बोलणारा, संध्याकाळची मित्रमंडळी इंग्रजी बोलणारी, फोनवर घर. आपल्या मुलांचं वेगळं होत नाही. टोकियोत किंवा म्युनिकमध्ये चार मराठी मुलांनी मिळून फ्लॅट घेतला की आमटी-भाताची सोय होते, पण भाषेची संधी त्याच दारात अडते. माझं स्पष्ट मत आहे की भाषेसाठी जाणाऱ्यानं पहिले सहा महिने तरी आपल्या माणसांत राहू नये. एकटेपणा येतो, तो खोटा नाही, आणि त्याची तयारी घरच्यांचीही असावी लागते. दर रात्री तासभर व्हिडिओ कॉलची अपेक्षा ठेवणारे आईवडील नकळत मुलाला मराठीतच अडकवून ठेवतात.

आता आपल्या जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्यांबद्दल. पहिली अडचण ही की आपल्याकडं पदवीतच असं वर्ष बसवलेलं नाही. महाराष्ट्रातला विद्यार्थी जर्मन किंवा फ्रेंच घेऊन एमए होतो आणि त्या भाषेत एकदाही भाजी विकत घेतलेली नसते. परदेशी जायचं ते पदवीनंतर, नोकरीसाठी किंवा दुसऱ्या पदवीसाठी, असंच समीकरण बसून गेलं आहे. पूर्वी रशियनच्या विद्यार्थ्यांना मॉस्कोच्या पुश्किन संस्थेची वाट होती. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्यासाठीच होती, आणि सोव्हिएत काळात भारतातून तिथं नियमित मुलं जात. ती व्यवस्था सोव्हिएत संघाबरोबर आटली.

नियमांत मात्र आता फट पडली आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या सहकार्याचे नियम केले. त्यातल्या ट्विनिंग प्रकारात विद्यार्थी आपल्या पदवीचे जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक परदेशी विद्यापीठात मिळवू शकतो, आणि पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळते. तीन वर्षांच्या पदवीत एक वर्ष म्हणजे ३३ टक्के, ते या मर्यादेत बसत नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची झाली की एक वर्ष २५ टक्के होतं आणि सहज बसतं. म्हणजे भाषेच्या विभागांनी मनावर घेतलं तर ब्रिटनसारखी रचना इथंही कायद्यात बसवता येते. यासाठी विद्यापीठाला मूल्यांकनाच्या अटी आहेत, परदेशी विद्यापीठाशी करार लागतो. तरी ही वाट कागदावर आहे, आणि विभागांनी ती वापरावी असा आग्रह विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी धरला पाहिजे.

करार होईपर्यंत थांबायचं नसेल तर जपानची वाट सगळ्यात सरळ आहे. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची, ‘जपानी अभ्यास’ या नावाची शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यासाठीच आहे. अट अशी की तो जपानबाहेरच्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन शिकत असावा, वय साधारण १८ ते ३० च्या दरम्यान असावं, आणि वर्ष संपल्यावर त्यानं आपल्या विद्यापीठात परत येऊन पदवी पुढं चालू ठेवावी. जाण्या-येण्याचं विमानभाडं आणि शिक्षणशुल्क जपान सरकार भरतं आणि महिन्याला १,१७,००० येन देतं. रुपयांत साठ ते सत्तर हजारांच्या घरात जाणारी ही रक्कम काटकसरीनं राहिलं तर पुरते. आईबापांना जमीन गहाण टाकावी लागत नाही, आणि आपल्याकडं ही गोष्ट सगळ्यात आधी विचारात घ्यावी लागते. जर्मनीचं तसं नाही. तिथं स्वखर्चानं शिकायला जाणाऱ्याला वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात. २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. म्हणून जर्मनच्या विद्यार्थ्यानं जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेच्या, म्हणजे डाडच्या, शिष्यवृत्त्यांकडं बघावं. जर्मन विद्यापीठांतल्या काही आठवड्यांच्या उन्हाळी भाषावर्गांसाठीही डाड मदत करतं, आणि कॅरोल यांच्या पाहणीत एका उन्हाळ्यानंही फरक पडलेला होताच.

फ्रेंचच्या विद्यार्थ्यांसाठी साहाय्यक शिक्षकाची योजना आहे. फ्रान्समधल्या सरकारी शाळेत जाऊन आठवड्याला बारा तास मुलांशी इंग्रजीत बोलायचं, त्याचा पगार मिळतो, आणि उरलेला सगळा वेळ फ्रेंचमध्ये जगायचं. भारतीय विद्यार्थीही त्यातून जातात. ही नेमणूक सात महिन्यांची असते, ऑक्टोबर ते एप्रिल.

ऑक्टोबर ते एप्रिल. हेच महिने कळंब, वाशी, भूम या भागांतल्या ऊसतोड कुटुंबांचेही आहेत. दिवाळीच्या पुढं-मागं ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, सीमा ओलांडून कर्नाटकातही जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कर्नाटकात गेलेल्या टोळीबरोबरचं सात-आठ वर्षांचं पोर तिथल्या दुकानात काडेपेटी आणायला जातं, पाणी भरताना तिथल्या मुलांशी भांडतं, आणि हंगाम संपेतो कामापुरती कन्नड बोलू लागतं. विद्यापीठं ज्यासाठी करार करतात आणि सरकारं शिष्यवृत्त्या देतात तेच शिक्षण त्याला घडलेलं असतं. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर मात्र ते गैरहजर असतं. ही मुलं मागे राहू शकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत आणि ती हवीतच, कारण फडावरच्या पालात मुलाचं बालपण जातं. पण जे मूल परत येताना एक भाषा घेऊन आलं, त्याच्या त्या भाषेची शाळेनं एकदा तरी विचारपूस करावी असं मला मनापासून वाटतं.

धाराशिवच्या मुलांना भाषा जड जातील हा समज मला म्हणूनच मान्य नाही. उमरग्याच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच सौद्यात ऐकू येतात. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत मराठी. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून मिळायचं, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतले वकील-तलाठी मराठी घरात वाढून उर्दूत कागद लिहीत होते. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालावर फारसी शिलालेख आहे. तो वाचू शकणारा आपल्याच जिल्ह्यातला मुलगा किंवा मुलगी का नसावी? या जिल्ह्याला भाषांची सवय आहे. कमी आहे ती माहिती, आणि पुण्या-दिल्लीत पहिली दोन वर्षं तग धरण्याची ऐपत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भिंत असते. बारावीनंतर पुण्याला पाठवायलाच घरात चार बैठका होतात, तिथं परदेशाचं नाव कोणी काढायचं? इथं पदवीचा भाग म्हणून जाण्याचा मोठा उपयोग होतो. मुलगी एकटी कुठंतरी निघालेली नसते. विद्यापीठानं पाठवलेली, सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेली, वसतिगृहात राहणारी आणि ठरलेल्या तारखेला परतणारी विद्यार्थिनी असते. हे वडीलधाऱ्यांना समजावता येतं.

वाट अशी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी, जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, कोरियन, चिनी, फारसी, अरबी अशा भाषांत बीए ऑनर्स करता येतं, प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो, आणि ती भाषा आधीपासून यायला हवी अशी अट नसते. हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीतही परदेशी भाषांच्या पदव्या आहेत, आणि उमरग्याच्या मुलाला हैदराबाद दिल्लीपेक्षा कितीतरी जवळचं आहे. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तिथल्या प्रमाणपत्र वर्गापासून सुरुवात करणारे पुष्कळ असतात. पण मेक्स्टच्या वर्षासाठी प्रमाणपत्राचा वर्ग पुरत नाही. जपानी मुख्य विषय असलेल्या पदवीलाच नाव असावं लागतं, आणि परत आल्यावरही ते असावं लागतं. म्हणजे शेवटच्या सत्रात अर्ज करून उपयोग नाही. दुसऱ्या वर्षातच जपानी भाषेची क्षमता परीक्षा, जी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्यातही देता येते, तिची वरची पातळी गाठायचा प्रयत्न सुरू व्हायला हवा, कारण तिथले वर्ग जपानीतूनच चालतात. महाराष्ट्रासाठी जपानचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. शिष्यवृत्तीची घोषणा वर्षाच्या सुरुवातीला होते आणि अर्जाची मुदत थोडीच असते, तेव्हा शिक्षकांची शिफारसपत्रं, गुणपत्रिकांच्या प्रती आणि पासपोर्ट दिवाळीच्या सुट्टीतच तयार करून ठेवावेत.